स्कायलॅबवर डॉस का नव्हतं?

प्रश्न असा आला आहे: "सत्तरच्या दशकात स्कायलॅब आणि साल्युत ही माणसं राहणारी अंतराळस्थानकं फिरत होती. त्याच दशकात सीपी/एम आली आणि पाठोपाठ डॉस. मग त्या स्थानकांवरच्या संगणकात यांच्यासारखीच ऑपरेटिंग सिस्टिम होती का? नसेल तर दोघांत पुढारलेलं कोण?"

सीपी/एम आणि डॉस म्हणजे छोट्या संगणकाचा कारभार बघणाऱ्या, फाइली सांभाळून प्रोग्रॅम चालवून देणाऱ्या सिस्टिम. तसं काही त्या स्थानकांवर होतं का? सरळ उत्तर, नव्हतं. नुसत्या तारखा पाहिल्या तरी ते कळतं. सोव्हिएत साल्युत-१ उडालं १९ एप्रिल १९७१ ला आणि अमेरिकेचं स्कायलॅब १४ मे १९७३ ला. तेव्हा सीपी/एमचा जन्मही व्हायचा होता. पण तारखा बाजूला ठेवा. समजा स्कायलॅब दहा वर्षं उशिरा उडालं असतं, तरी त्याच्या मुख्य संगणकात डॉस टाकायची कल्पना कोणाला सुचली नसती. याचं कारण मला पुस्तकातून कळलं नाही. ते कळलं साखर कारखान्याच्या बॉयलरपाशी, म्हणून आधी तेच सांगतो.

१९८८-८९ चा गळीत हंगाम. तोवर माझी चार-पाच वर्षं सीपी/एम आणि डॉसच्या मशीनवर गेली होती. ऊसबिलं, पगारपत्रकं, सोसायट्यांचे हिशेब, असलीच कामं. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी कारखान्याने विचारलं, बॉयलरचं प्रेशर आणि तापमान दर मिनिटाला संगणकात नोंदवता येईल का? मी छाती पुढे काढून हो म्हणालो. पीसीत एक कार्ड बसवलं, सी भाषेत प्रोग्रॅम लिहिला. आकडे पडद्यावर दिसू लागले, आणि दर तासाला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर एक पान काढू लागला. आठ दिवस कौतुकात गेले. नवव्या रात्री पावणेदोनच्या सुमारास प्रिंटरचा कागद संपला. सकाळी सहाला पाळी बदलली तेव्हा पडद्यावर कागद संपल्याची ओळ होती आणि तिच्याखाली 'अबॉर्ट, रीट्राय, इग्नोअर?' कोणीतरी येऊन एक अक्षर दाबेल म्हणून डॉस सव्वाचार तास वाट बघत होतं. तेवढ्या वेळात बॉयलरची एकही नोंद झाली नव्हती. नशीब, बॉयलर अटेंडंटचा माझ्या यंत्रावर काडीचाही विश्वास नव्हता. त्याने गेज बघून सगळं रजिस्टरात हाताने लिहून ठेवलं होतं. चीफ इंजिनिअर एवढंच म्हणाले, "अहो, कागद संपला तर आमचा माणूस तळहातावर लिहितो. तुमचा झोपतो."

चूक डॉसची नव्हती, माझी होती. तो प्रश्न मध्येच अडवून आपला निर्णय आपण घ्यायची सोय डॉसमध्ये होती, इंटरप्ट २४ (इंटरप्ट म्हणजे हातातलं काम थांबवून दुसरं करायला लावणारी हाक). मी ती वापरलीच नव्हती. पण त्या रात्रीने एक गोष्ट कायमची शिकवली. कुठल्याही संगणकाबद्दल पहिला प्रश्न मेमरी किती हा नसतो. कोण कोणासाठी थांबतं, हे आधी विचारायचं. सीपी/एम आणि डॉस माणसासाठी थांबतात. बॉयलर कोणासाठी थांबत नाही, आणि कक्षेत फिरणारं पाऊणशे टनांचं स्थानक तर मुळीच नाही.

सीपी/एमचा जन्म पाहिला तर हे आणखी स्पष्ट होतं. गॅरी किल्डॉल कॅलिफोर्नियात माँटेरेच्या नौदल पदव्युत्तर संस्थेत शिकवायचे आणि बाजूला इंटेलसाठी पीएल/एम ही भाषा तयार करून देत होते. त्यांना ८०८० चिपवर, स्वतःच्या टेबलावर बसून, प्रोग्रॅम लिहायचे होते. शुगार्टची ८ इंची फ्लॉपी ड्राइव्ह त्यांच्या हाती लागली, पण ती चिपला जोडणारं सर्किट काही त्यांना जमेना. ते जॉन टोरोडे या मित्राने १९७४ मध्ये करून दिलं, आणि त्या फ्लॉपीवरच्या फाइली सांभाळायला किल्डॉलनी जे लिहिलं ती सीपी/एम. म्हणजे मुळात ही फ्लॉपीची कारभारीण. एक माणूस, एक कीबोर्ड, एका वेळी एक प्रोग्रॅम. 'ए>' असं लिहून ती थांबते. तुम्ही काही टाइप करेपर्यंत जगात करण्यासारखं तिला दुसरं काही नसतं.

तिची रचना मात्र फार सुरेख होती आणि ती मी अगदी जवळून पाहिली आहे. ६४ केबी मेमरीत सगळ्यात वर बायॉस, त्याखाली बीडॉस, त्याखाली तुमची आज्ञा वाचणारा सीसीपी. तळाची २५६ बाइट राखीव, आणि १०० हेक्स, म्हणजे २५६, या पत्त्यापासून पुढची सगळी जागा तुमच्या प्रोग्रॅमची. फाइल उघडणं, वाचणं, नाव बदलणं ही कामं बीडॉसची, आणि ती प्रत्येक मशीनवर अक्षरशः सारखी. ड्राइव्हची मोटर कशी फिरवायची, कीबोर्डवरचं अक्षर कुठल्या पोर्टवर येतं, हे यंत्रागणिक बदलणारं काम बायॉसचं. ही फाळणी सुरुवातीला नव्हती. इमसाय कंपनीला तिच्या मशीनसाठी सीपी/एम हवी होती. प्रत्येक नव्या ड्राइव्हसाठी अख्खी सिस्टिम चाळत बसण्यापेक्षा यंत्राशी बोलणारा भाग वेगळा काढलेला बरा, हे किल्डॉलना तेव्हा जाणवलं. मी १९८४ मध्ये झेड-८० चिपच्या एका देशी मशीनचा बायॉस दुरुस्त केला तेव्हा सीपी/एमच्या बाकी एका बाइटला हात लावावा लागला नाही. सेक्टर, म्हणजे फ्लॉपीवरचा एक तुकडा, वाचायचं रूटिन बदललं आणि त्याच फ्लॉपीवरचं वर्डस्टार, पत्रं टाइप करायचा प्रोग्रॅम, उठून उभं राहिलं. इतका आनंद मला पुढे कुठल्याही मोठ्या यंत्रावर झाला नाही.

तिच्या लहरी पण सांगतो. मोठ्या प्रोग्रॅमला जागा कमी पडली तर तो खुशाल सीसीपीवर बसायचा, म्हणजे आज्ञा वाचणाऱ्यालाच पुसून टाकायचा. प्रोग्रॅम संपला की फ्लॉपीच्या पहिल्या ट्रॅकवरून सीसीपी पुन्हा वाचून घ्यायचा, यालाच वॉर्म बूट म्हणायचे. म्हणून ए ड्राइव्हमध्ये सिस्टिमची फ्लॉपी असलीच पाहिजे. आणि बी मधली फ्लॉपी बदलून कंट्रोल-सी दाबायला विसरलात तर? सिस्टिम शंका घेते की ही फ्लॉपी वेगळीच दिसते, आणि लिहायला साफ नकार देते: 'बीडॉस एरर ऑन बी: आर/ओ'. दोन तास टाइप केलेलं पत्र मेमरीत अडकून पडतं. पगाराच्या आदल्या दिवशी हा संदेश पाहिलेले कारकून त्या मशीनला हातही लावायला तयार नसत.

डॉस हे या घरातलंच, पण दत्तक. सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीने ८०८६ चा बोर्ड बनवला होता. त्यावर चालेल अशी सीपी/एम यायला उशीर लागत होता, म्हणून तिथल्या टिम पॅटरसननी १९८० मध्ये स्वतःच एक सिस्टिम लिहिली. तिचं पहिलं नाव क्यूडॉस, मतलब झटपट आणि ओबडधोबड. पुढे ती ८६-डॉस झाली, जुलै १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचे सगळे हक्क घेतले आणि ऑगस्टमध्ये ती आयबीएम पीसीबरोबर पीसी-डॉस नावाने बाजारात उतरली. किंमत ४० डॉलर. त्याच पीसीसाठी सीपी/एम-८६ मागून आली ती २४० डॉलरला. लढाई तिथेच संपली.

नक्कल केली का, हा वाद जुना आहे. माझं मत विचाराल तर आतलं बांधकाम वेगळं होतं, पण दारं-खिडक्या मुद्दाम त्याच जागी ठेवल्या होत्या, म्हणजे सीपी/एमचे प्रोग्रॅम थोड्या मेहनतीत इकडे आणता येतील. एक उदाहरण बघा. पडद्यावर एक ओळ छापायची तर सीपी/एममध्ये चिपच्या सी रजिस्टरमध्ये, म्हणजे तिच्या आतल्या एका छोट्या कप्प्यात, ९ टाकून पत्ता ५ ला कॉल करायचा. डॉसमध्ये एएच रजिस्टरमध्ये ९ टाकून इंटरप्ट २१ द्यायचा. आकडा तोच, आणि ओळ कुठे संपली हे कळायला शेवटी डॉलरचं चिन्ह, तेही तेच. त्यामुळे या फंक्शनने डॉलरच छापता येत नाही! आमची पगारपत्रकं रुपयांत होती, आमचं काही अडलं नाही.

दुसरं उदाहरण माझ्या पोटापाण्याचं. खोडलेल्या फाइलीच्या नोंदीत दोन्हीकडे पहिल्या बाइटच्या जागी ई५ हा हेक्स आकडा लिहिला जातो. का, तर ८ इंची कोरी फ्लॉपी ई५ नेच भरलेली यायची, त्यामुळे ई५ म्हणजे इथे काही नाही. सीपी/एममध्ये ई५ पुसून शून्य लिहिलं की फाइल जशीच्या तशी परत, कारण तिचे सगळे ब्लॉक कुठे आहेत हे त्या नोंदीतच लिहिलेलं असतं. डॉसमध्ये मात्र नोंदीत फक्त पहिला तुकडा कुठे आहे ते असतं. पुढची साखळी फॅट तक्त्यात असते आणि खोडताना ती पुसली जाते. म्हणून डॉसमध्ये फाइल सलग असेल तरच ती धड परत यायची. 'कालची फाइल उडाली, काहीतरी करा' असा फोन आला की मी पहिल्यांदा विचारायचो, त्यानंतर फ्लॉपीवर काही लिहिलंय का? गंमत म्हणजे कॉन, पीआरएन, एनयूएल ही उपकरणांची राखीव नावं त्या काळातली. आजच्या विंडोजमध्येसुद्धा साध्या पद्धतीने 'कॉन' नावाचं फोल्डर करून बघा, होत नाही.

आता वर जाऊ. स्कायलॅब हे सुद्धा घरात होतं त्यातूनच उभं केलेलं. सॅटर्न रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याची रिकामी टाकी घेतली. द्रव हायड्रोजनच्या टाकीत राहायची-कामाची जागा केली आणि ऑक्सिजनच्या टाकीत कचरा टाकला. वर सूर्याच्या निरीक्षणासाठी मोठी दुर्बीण बसवली, आणि या दुर्बिणीमुळेच संगणक लागला. दुर्बीण सूर्यावरून जराही हलता कामा नये, म्हणजे पूर्ण स्थानक स्थिर धरायला हवं. तेही शक्यतो इंधन न जाळता, कारण वरती इंधन भरून द्यायला कोणी येणार नव्हतं.

त्यासाठी तीन भलीमोठी जड चाकं होती, मिनिटाला सुमारे ९,००० फेरे घेणारी. फिरत्या चाकाचा आस वळवला की उलट दिशेने स्थानक वळतं. पण एकाच बाजूचा दाब सतत सोसला की चाकांची वळायची मर्यादा संपते, मग ती मोकळी करावी लागतात. इथे एक देखणी युक्ती होती. कक्षेच्या रात्रीच्या भागात दुर्बिणीला तसंही काम नसतं, तेवढ्यात स्थानक असं तिरकं करायचं की पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा त्याच्या दोन टोकांवरचा कमी-जास्त ओढाच चाकांचा साठलेला भार उतरवेल. इंधन शून्य. हा हिशेब दर फेरीला, म्हणजे दर दीड तासाला, करायचा. माणसं झोपलेली असोत, जेवत असोत की स्थानकात कोणी नसो.

हे काम करायला आयबीएमच्या सिस्टिम/४ पाय कुळातले टीसी-१ नावाचे दोन संगणक होते. एक चालू, दुसरा राखीव, आणि पहिला बिघडला असं दिसलं की आपोआप दुसऱ्यावर जायची व्यवस्था. प्रत्येकात १६-बिटचे १६,३८४ शब्द, म्हणजे ३२ केबी. १९८१ च्या आयबीएम पीसीचं सगळ्यात स्वस्त मॉडेल १६ केबीचं होतं, हे बघून काहीजण लगेच स्कायलॅब पुढारलेलं म्हणतात. मला तो हिशेब पटत नाही. पीसीच्या १६ केबीत उद्या कुठला प्रोग्रॅम येईल हे कोणालाच माहीत नसतं. हिशेब येईल, खेळ येईल, पत्र येईल. म्हणून तर त्याला फाइली, नावं, आज्ञा वाचणारा लागतो. टीसी-१ मध्ये जन्मभर एकच प्रोग्रॅम चालणार होता. तिथे फाइली कसल्या आणि 'ए>' कोणाला दाखवणार? त्या प्रोग्रॅमच्या मध्यभागी होतं एक घड्याळ. ठरलेल्या ठोक्याला इंटरप्ट येणार, हातातलं काम बाजूला पडणार, सेन्सर वाचले जाणार, चाकांना आज्ञा जाणार, मग उरलेल्या वेळात सवडीची कामं. ठोका चुकला म्हणजे बिघाड. बॉयलरच्या नोकरीत पुढे मी असलेच ठोके मोजत बसलो.

मेमरीची जात पण वेगळी होती. त्यात फेराइटची बारीक कडी तारांत ओवलेली असत. वाचताना बिट पुसला जातो आणि लगेच पुन्हा लिहावा लागतो, पण वीज गेली तरी लिहिलेलं टिकतं. पीसीची मेमरी वीज गेली की कोरी. यावरून बूट करण्याची, म्हणजे यंत्र चालू करताना सिस्टिम मेमरीत आणण्याची, गरजच किती वेगळी होते बघा. पीसी रोज सकाळी स्मृती हरवून उठतो आणि फ्लॉपीला विचारतो मी कोण. टीसी-१ ला तसं विचारायचं कारण नव्हतं. तरीही शहाण्यांनी सोय केली होती: प्रोग्रॅमची प्रत टेपवर स्थानकातच ठेवली होती आणि गरज पडली तर जमिनीवरून रेडिओनेही तो भरता येत होता. शिवाय निम्मी मेमरी गेली तरी निभावेल असा ८,००० शब्दांचा कापलेला प्रोग्रॅमही तयार होता. आमच्याकडे पर्यायी व्यवस्था म्हणजे दुसरी फ्लॉपी, तीही बऱ्याचदा कपाटाच्या किल्लीसकट साहेबांच्या घरी.

उड्डाणानंतर जेमतेम ६३ सेकंदांत घोटाळा झाला. उल्काकणांपासून वाचवणारं बाहेरचं कवच हवेच्या झोताने उचकटलं. जाताना एक सौरपंख सैल करून गेलं, तो थोड्या वेळाने तुटून पडला, आणि दुसरा त्याच्याच पत्र्याच्या तुकड्यात अडकून उघडला नाही. सावली देणारं कवचच गेल्याने आतलं तापमान ५० अंशांवर गेलं. स्थानक सूर्यासमोर धरलं तर भाजतं, फिरवलं तर वीज मिळत नाही. ठरलेल्या प्रोग्रॅममध्ये असली मधली स्थिती नव्हतीच. पहिली तुकडी पोहोचेपर्यंत दहा-अकरा दिवस जमिनीवरच्या लोकांनी ते आज्ञा देऊन देऊन तिरकं धरलं आणि त्या झोंबाझोंबीत स्थानक वळवायला बारीक तोंडांतून सोडायचा नायट्रोजन वायू बेसुमार खर्च झाला. मग पीट कॉनराड, जोसेफ कर्विन आणि पॉल वाइट्झ गेले, एका झडपेतून छत्री बाहेर काढून उघडली, आणि ७ जूनला कॉनराड-कर्विननी बाहेर जाऊन अडकलेला पंख मोकळा केला. संगणक काटेकोर होताच, पण नियमात नसलेला प्रसंग आला की शेवटी आमच्या बॉयलर अटेंडंटसारखाच कोणीतरी लागतो.

तिसरी तुकडी ८४ दिवस राहून ८ फेब्रुवारी १९७४ ला परतली. तोवर तीनपैकी एक चाक बंद पडलं होतं आणि दुसरं कुरकुरत होतं. स्थानक बंद करून सोडून दिलं. पुढे सूर्याची धुसफूस वाढली, वरची हवा फुगली, आणि स्कायलॅब अंदाजापेक्षा लवकर खाली येऊ लागलं. नव्या स्पेस शटल यानाने येऊन त्याला वर ढकलायचा बेत होता, पण शटलच तयार नव्हतं. तोवर त्याची दिशा सांभाळायची म्हणून मार्च १९७८ मध्ये चार वर्षं गारठलेल्या संगणकाला रेडिओवरून वीज जोडायची आज्ञा दिली गेली. आणि तो चालला! मला विचाराल तर संगणकाच्या इतिहासातलं सगळ्यात थरारक बूटिंग हेच. घोटाळा जमिनीवर होता. मूळ प्रोग्रॅमची पंच केलेली कार्डं कोणी जपून ठेवली नव्हती. छापील लिस्टिंग तेवढं उरलं होतं, त्यावरून ती पुन्हा पंच करून घ्यावी लागली. मग नवा प्रोग्रॅम लिहून वर पाठवला. वरचं यंत्र चार वर्षं थांबलं तरी शाबूत, खालचं कपाट मात्र साफ केलेलं. ज्यांनी पाच वर्षांपूर्वीचा सोर्स कोड शोधला आहे त्यांना याचं नवल वाटणार नाही.

११ जुलै १९७९ ला ते पडलं, हिंदी महासागरावर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. मी तेव्हा बारावीत होतो. 'स्कायलॅब पडणार' ही बातमी रेडिओवर आली की गावात चिडीचूप व्हायचं, आजीने तर देव पाण्यात ठेवले होते. शेवटच्या फेऱ्यांमध्येही त्याच टीसी-१ च्या मदतीने स्थानकाची बसण्याची ढब बदलून पडण्याची वेळ थोडी पुढे-मागे केली जात होती, हे मला कळलं पुष्कळ वर्षांनी. ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्सच्या नगरपालिकेने नंतर नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोठावला.

सोव्हिएत बाजू थोडक्यात घेतो, कारण तिथे संगणक उशिरा आला. साल्युत-१ घाईत जोडलेलं होतं. लष्करी अल्माझ प्रकल्पाचा सांगाडा आणि सोयूझ यानाच्या यंत्रणा. त्या काळच्या सोयूझवर डिजिटल संगणक नव्हताच. जायरो (दिशा सांगणारी फिरती चाकं), सेन्सर आणि वैमानिकाचे हात, यावर काम चालायचं. सोयूझ-११ चे दोब्रोवोल्स्की, वोल्कोव्ह आणि पात्सायेव तिथे तीन आठवड्यांहून जास्त राहिले आणि परतताना यानाची झडप अवेळी उघडून हवा निघून गेली, तिघेही गेले. ते संगणकाच्या खात्यावर नाही. पुढे साल्युत-४ वर डेल्टा ही आपली कक्षा आपण मोजणारी व्यवस्था आली, आणि सोयूझ-टी यानांवर अर्गॉन-१६. अर्गॉनमध्ये तीन समांतर मार्ग होते. तिन्हींची उत्तरं ताडून बहुमताचं उत्तर धरायचं. एक चुकला तरी कोणाला 'अबॉर्ट, रीट्राय' विचारायचं कारण नाही. पण १९८० मध्ये सोयूझ टी-२ स्थानकाजवळ आलं असताना अर्गॉन गोंधळला आणि कमांडर यूरी मालिशेव यांनी यान हाताने जोडलं. एप्रिल १९८४ मध्ये आपल्या राकेश शर्मांना साल्युत-७ वर घेऊन गेलेले कमांडर हेच.

शर्मा परत आल्यावर दहा महिन्यांनी तेच साल्युत-७ गप्प झालं. मला ही हकिकत स्कायलॅबहून जास्त शिकवून गेली, कारण यात जागं करायला संगणक शिल्लकच नव्हता. रेडिओ आधी बिघडला, म्हणून आतलं काही खाली कळेना. त्यात बॅटरी भरली की चार्जिंग तोडणारा सेन्सर बिघडला. तो रिकाम्या बॅटरीलाही 'भरली' म्हणत राहिला. सौरपंखांवर ऊन पडत होतं, पण वीज बॅटरीत जातच नव्हती. बॅटरी पूर्ण उतरल्यावर चार्जिंग जोडणारी यंत्रणा चालवायलाही वीज उरली नाही. गाडीची बॅटरी उतरली की इलेक्ट्रिक कुलूप उघडत नाही आणि कुलूप उघडल्याशिवाय बॅटरीपर्यंत पोहोचता येत नाही, तशातला प्रकार. जून १९८५ मध्ये व्लादिमीर जानिबेकोव्ह आणि व्हिक्टर साविनिख गेले. स्थानकाकडून कसलाच संकेत नाही, म्हणून जानिबेकोव्हनी हातातल्या लेसरने अंतर मोजत यान जोडलं. आत पाणी गोठलेलं, भिंतींवर हिमाचा थर. दोघं लोकरी टोप्या घालून कामाला लागले. जिवंत उरलेल्या बॅटऱ्या शोधल्या, सौरपंखांच्या तारा हाताने उघड्या करून त्यांना थेट जोडल्या, आणि आपल्या सोयूझची इंजिनं चालवून पूर्ण जोडगोळी सूर्याकडे वळवली. आधी एक बॅटरी भरली, मग दुसरी, मग दिवे. यालाही बूटिंगच म्हणायचं, फक्त पहिला सेक्टर दोन माणसं होती.

आता तुमच्या प्रश्नाचा राहिलेला धागा: मग पीसी अंतराळात गेला की नाही? गेला, पण सामानासारखा. जुलै १९७५ च्या अपोलो-सोयूझ भेटीत एचपी-६५ हा प्रोग्रॅम करता येणारा कॅलक्युलेटर बरोबर होता, मुख्य संगणकाचं गणित पडताळायला. मग नोव्हेंबर १९८३ मध्ये एसटीएस-९ या शटल मोहिमेत ग्रिड कंपास हा लॅपटॉप गेला. मॅग्नेशियमचं कवच, वीज गेली तरी टिकणारी बबल मेमरी, ८०८६ चिप आणि ग्रिड-ओएस ही स्वतःची सिस्टिम. त्याचं काम, यान आत्ता पृथ्वीच्या कुठल्या भागावर आहे ते नकाशावर दाखवणं. त्या मोहिमेत स्पेसलॅब ही प्रयोगशाळा होती आणि तिथे काम करणाऱ्यांत ओवेन गॅरियट होते, १९७३ मध्ये स्कायलॅबवर ५९ दिवस राहिलेले. दहा वर्षांनी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच असा संगणक आला जो त्यांच्यासाठी थांबत होता. अडकला तर बंद करून पुन्हा चालू करायचा, यानाचं काही बिघडत नव्हतं. यान चालवणारे संगणक वेगळेच होते. ते एकूण पाच, एपी-१०१ नावाचे, स्कायलॅबच्या टीसी-१ च्याच ४ पाय कुळातले.